पायऱ्यांना मार्क नाहीत

गणिताच्या क्लासमध्ये किस्से शोधावे लागत नाहीत. चार घाबरलेली माणसं एका खोलीत बसवा, समोर सेकंद मोजणारं घड्याळ ठेवा; ते आपोआप साठत जातात. मी कोल्हापुरात, राजारामपुरीत, परदेशी एमएसला जाऊ पाहणाऱ्यांचं प्रवेश परीक्षेचं गणित घेतो. गणित शाळेतलंच. भीती मात्र वरच्या दर्जाची!

*

मुरगूडचा पाटील इंजिनिअर. बोलला की खालच्या दुकानातलं गिऱ्हाईक वर बघायचं. पण स्क्रीनवर उलटं पळणारं घड्याळ दिसलं की त्याला घाम फुटे. एका सराव परीक्षेत त्यानं घड्याळावर कागदाचा तुकडा चिकटवला आणि निवांत गणितं करत बसला.

मी विचारलं, "कसं वाटतंय?"

"लय भारी, सर! पहिल्यांदाच भ्या वाटंना."

तेवढ्यात वेळ संपून परीक्षा बंद झाली. निम्मी गणितं व्हायची होती.

*

कुरुंदवाडची सन्मती चौगुले आली ती दोनदा गणितात अडकून. ही तिसरी खेप, आणि घरच्यांच्या मते शेवटची. तिला सोडायला आलेले वडील, अप्पा, सगळ्यांसमोर म्हणाले, "ह्या वेळंला न्हाय जमलं, तर आपल्या खताच्या दुकानात बसायचं. ठरलंय."

सन्मती खाली मान घालून वहीत समास आखत होती.

*

तिचं कुठं अडतं ते पहिल्याच सराव परीक्षेत कळलं. कच्च्या कामाचा कागद बघत राहावा असा. 'समजा', 'म्हणून', पायरीखाली पायरी, उत्तराला चौकट. स्क्रीनवर मात्र निम्मे प्रश्न कोरे!

"अगं, पर्याय का निवडला नाहीस?"

"उत्तराची खात्री नव्हती, सर. पण पद्धत बरोबर हाय की. पायऱ्यांचे मार्क मिळतील न्हवं?"

बोर्डाच्या परीक्षेची सवय! मी म्हटलं, "कॉम्प्युटर पायऱ्या बघत नाही."

ती पांढरी पडली. "म्हंजे दोन्ही वेळंला... कुणी बघितलंच न्हाय?"



*

ही परीक्षा घरून देता येते. पण खोलीत दुसरं माणूस नको आणि कसलाही आवाज नको. सन्मतीच्या घरी तीन काका, त्यांची पोरं, सतत राबता. मी म्हटलं, माझ्या घरी दे. माझी पत्नी गेल्यापासून आतली खोली बंदच असते.

स्क्रीनवरच्या परीक्षकानं कॅमेरा फिरवून सगळी खोली दाखवायला लावली. भिंती, कपाट, पलंगाखालची जागा. मग विचारलं, आणखी कुणी आहे का?

"नो, सर," सन्मती म्हणाली.

मी बाहेरून दार ओढून घेतलं.

*

स्वयंपाकघरात अप्पा आणि मी. कुकर लावला नव्हता, पंखाही बंद.

अप्पा कुजबुजले, "बाहेरनं आवाज गेला तर?"

"परीक्षा रद्द होऊ शकते."

नेमका गल्लीत भंगारवाल्याचा भोंगा सुरू झाला! अप्पा अनवाणीच धावले आणि फाटकावरून गरजले, "ओ पावणं! गप्प बसा की! पोरगी आत परीक्षेला बसलीया!"

भोंगा परवडला असता. मी दाराला कान लावला. आतून काहीच ऐकू येत नव्हतं, आणि त्याचीच जास्त भीती वाटली.

*

दार उघडलं तेव्हा सन्मतीचे ओठ सुकले होते.

"सर, शेवटी विचारलं, मार्क ठेवायचे का रद्द करायचे. मार्क आधी दाखवत न्हाईत, ठरवल्यावरच दिसत्यात. 'ठेवा' दाबलं."

"मग?"

"गणितात एकशे सदुसष्ट."

"कितीपैकी?" अप्पांनी विचारलं.

"एकशे सत्तर!"

मी टाळीच वाजवली. ती आईला फोन करायला अंगणात पळाली. तिथून तिचा आवाज येत होता, "व्हय गं! आता परदेशी जाणार म्हंजे जाणार!"

अप्पा खिडकीतून तिच्याकडं बघत उभे होते. मग चाचपडत खुर्चीवर बसले. मी पाणी पुढं केलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"सर," ते हळूच म्हणाले, "ते रद्द करायचं बटण... आता दाबता येतंय का?"