रांगेत राहिलेला निरोप

ऑफिसात सगळे त्याला गुरुजी म्हणत. दुसऱ्याच्या कोडमधली चूक दिसली की त्याला गप्प बसवत नसे. खुर्ची ओढून तो शेजारी बसायचा आणि मुळापासून शिकवायला लागायचा. हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी ती छोटी कंपनी होती. रिसेप्शन, वॉर्ड आणि तपासणीची खोली, तिन्हीकडच्या कॉम्प्युटरवर बसवायचा तो प्रोग्रॅम बराचसा गुरुजीनेच लिहिलेला, आणि त्यावर त्याचा पोटच्या पोरासारखा जीव.

प्रोग्रॅममध्ये एकच खोट होती. वॉर्डातल्या नर्सने काही लिहिलं, तर रिसेप्शनवरच्या बाईंनी बटण दाबेपर्यंत ते तिकडे दिसत नसे. साहेबांनी सांगितलं, इकडचा निरोप तिकडे आपोआप जायला हवा. गुरुजीने ते काम अंगावर घेतलं आणि त्यात पार अडकला. निरोप कधी जायचे, कधी वाटेतच गडप व्हायचे.

शेजारच्या टेबलावर ताई बसायच्या. दुसऱ्या कंपनीत बरीच वर्षं काढून इकडे आलेल्या, बोलणं कमी, काम चोख. एके दिवशी त्या म्हणाल्या, "गुरुजी, निरोप पोचवण्यासाठी तयार लायब्ररी मिळते. जगभर लोक वापरतात. आपण कशाला डोकं फोडायचं?"

"दुसऱ्याचं लिहिलेलं माझ्या घरात घ्यायचं?" गुरुजी म्हणाला.

शेवटी घ्यावंच लागलं. ताईंनी सुचवलेली लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, त्याने प्रोजेक्टमध्ये जोडली आणि दुपारच्या चहाआधी निरोप सुरळीत पळू लागले. त्याला आनंद व्हायला हवा होता. झाली ती चिडचिड. इतके दिवस आपण मातीच खाल्ली, हे ताईंसमोर उघडं पडलं होतं.

लायब्ररीची एक खुबी होती. समोरचा कॉम्प्युटर बंद असेल तर ती निरोप टाकून देत नसे, रांगेत जपून ठेवी आणि समोरचा जागा झाला की पोचवी. हे तपासायला गुरुजीने रिसेप्शनची बाजू बंद केली आणि वॉर्डाच्या नावाने निरोप पाठवायला बसला. आधी नमस्कार, मग आकडे. मग कंटाळा आला, डोक्यात चिडचिड होतीच, म्हणून लिहिलं: "चार नंबर गेला. खोली रिकामी करा." स्वतःशीच हसला आणि चहाला उठला. परत येऊन दुसऱ्याच कामाला लागला.

हॉस्पिटलात बसवायला निघताना ताईंनी आठवण केली, "रांगेचं फोल्डर रिकामं करून घ्या. कॉपी करताना तेही सोबत जातं."

"ताई, मी हे काम आज पहिल्यांदा करत नाहीये," तो म्हणाला आणि बॅग उचलून गेला.

हॉस्पिटल लहानसंच होतं. रिसेप्शनसमोर एक बाक, त्यावर मांडीवर थर्मास घेऊन एक वयस्क बाई बसल्या होत्या. त्यांचे यजमान आत चार नंबरच्या खोलीत होते. रिसेप्शनच्या बाईंशी त्यांचं कधीचं गूळपीठ जमलं होतं. गुरुजीने सगळं बसवलं आणि सैल झालेली वायर खोचायला टेबलाखाली वाकला. वर कॉम्प्युटर टुणकन वाजला.

मग बोलणं थांबलं. खुर्ची मागे सरकली. रिसेप्शनच्या बाई टेबलाला वळसा घालून गेल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "काकू, जरा माझा हात धरा."

काकूंना कळलं. त्या एवढंच म्हणाल्या, "आत्ता? आत्ता तर त्यांचा चष्मा पुसून दिला मी."

टेबलाखाली गुरुजीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ते शब्द त्याचे होते. नुसतं उठून म्हणायचं होतं, अहो, हे खोटं आहे. पण हातात वायर धरून तो तसाच वाकून राहिला. थर्मास फरशीवर पडल्याचं त्याने ऐकलं. कोणीतरी वॉर्डाकडे पळालं. नर्स धावत आली आणि म्हणाली, "कोण म्हणालं? ते तर उठून बसलेत, पेपर मागतायत." तेव्हा कुठे तो बाहेर आला.

डॉक्टरांनी विचारलं तर तो म्हणाला, "बाहेरची लायब्ररी आहे. तिच्यात काहीतरी दोष असणार."

ऑफिसात साहेबांनी विचारलं, "आणली कोणी ही लायब्ररी?"

"ताईंनी सुचवली होती."

साहेबांनी सगळ्यांसमोर ताईंना झापलं. ताईंनी एकदा गुरुजीकडे बघितलं. तो कीबोर्डवरची धूळ झटकत होता. ताई दिवसभर खाली मान घालून लायब्ररी प्रोजेक्टमधून उपसून काढत बसल्या.

घरी बायकोलाही त्याने तीच गोष्ट सांगितली, लायब्ररीवर खापर फोडून. ती भाजी चिरत ऐकत होती. म्हणाली, "त्या काकूंना कोणी सांगितलं का, असं कसं झालं ते?"

"त्यांना काय कळणार त्यातलं?"

"कळेल की. नवरा गेला हे कळलं, तर हे नाही कळणार?"

त्या रात्री तो न जेवताच आडवा झाला.

सकाळी तो साहेबांच्या केबिनमध्ये गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला. मोकळा कसला, साहेब कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे, मी हॉस्पिटलला लायब्ररीचा दोष म्हणून लिहून बसलो. आता माझंही तोंड काळं केलंस." तिथून तो हॉस्पिटलात चार नंबरच्या खोलीत गेला. काका उशीला टेकून बसले होते, काकू फळ सोलत होत्या. दाराशी उभं राहूनच त्याने सांगितलं: निरोप मी लिहिला होता, गंमत म्हणून. आणि तुम्ही बाकावर होतात तेव्हा मी तिथेच टेबलाखाली होतो.

काकांना हसू आलं. "खोली रिकामी करा म्हणे," ते म्हणाले.

काकू हसल्या नाहीत. "मला वाटलं होतं, मशीन बिघडलं," त्या म्हणाल्या. "मशीनवर काय रागावणार, म्हणून मी सोडून दिलं होतं. आता तुमच्यावर रागवावं लागेल." आणि पुन्हा फळ सोलू लागल्या. त्याला बसा म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. तो निघून आला.

साहेबांनी ताईंना सगळ्यांसमोर नाही, केबिनमध्ये बोलावून सॉरी म्हटलं. लायब्ररी परत जोडायचं काम त्यांच्याकडेच दिलं. गुरुजी त्यांच्या टेबलाशी गेला. "ताई, मी खोटं बोललो," तो म्हणाला.

"खोटं कुठे बोललात?" ताई स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाल्या. "सुचवली मीच होती. खरं होतं, म्हणून तर जास्त लागलं."

ताईंनी लायब्ररी नीट बसवली, हॉस्पिटलात स्वतः जाऊन आल्या, आणि निरोप बिनबोभाट जाऊ लागले. पुढेही दोघं शेजारीशेजारीच बसायचे. ताई कामापुरतं बोलायच्या, तेही सरळ, टोमणा न मारता. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, असं त्याला कितीदा वाटायचं.