खांबसाहेबांचा सलाम

बाजारगल्लीच्या तोंडाशी जमिनीतून वर येणारे तीन लोखंडी खांब होते आणि शेजारच्या केबिनमध्ये ते खालीवर करणारा एक माणूस. त्यातल्या त्यात खांब बरे, ते निदान बोलत नसत. गल्ली त्या माणसाला कुचेष्टेनं ‘खांबसाहेब’ म्हणायची आणि हा दीडशहाणा ते मानानं घ्यायचा.

काम एवढंच: परवान्याची गाडी आली की बटण दाबायचं आणि ती पार होईपर्यंत दाबून धरायचं. हात उचलला की खांब वर. पण बोटभर सत्ता मिळाली आणि गडी हातभर फुगला. रोज येणाऱ्या पाववाल्याला तो रोज खाली उतरवायचा. "परवाना वाच. मोठ्यानं! तारीख कोण वाचणार, तुझा सासरा?" त्याच्याच शेजारी राहणाऱ्या शिवणवाल्या बाई प्लास्टरमधला पाय घेऊन दुकानाकडे निघाल्या, तर त्यांची टॅक्सी यानं खांबांपाशीच रिकामी केली. बाई लंगडत गेल्या. हा चहा पीत बसला.

मग बातमी आली की खांब आता यंत्र सांभाळणार. बायकोनं ठणकावलं, "तोंडापायी दोन नोकऱ्या घालवल्यात. ही गेली तर मी माहेरी चालले." माणूस ठेवायचा की काढायचा, ते ठरवायला मोठे साहेब स्वतः येणार होते. यानं केबिन पुसली, बूट चकचकीत केले आणि आठवडाभर आरशापुढे सलाम घोटला. बटण काय, ते तर रोजचंच!

साहेबांची गाडी आली. खांब खाली गेले, गाडीचं नाक आत शिरलं. काचेआड साहेब दिसले आणि याचा बटणावरचा उजवा हात खाडकन कपाळाला गेला. गोरगरिबांसाठी हा हात कधी उचललाच नव्हता, त्यामुळे चूक कधी झालीही नव्हती. खांब वर आले. गाडी पोटावर उचलली गेली, चाकं हवेत फिरू लागली, आणि हा सलाम ठोकून तसाच उभा.

"खांबसाहेब," मागून पाववाला ओरडला, "परवाना वाचायला लावा की त्यांना!"

साहेब कसेबसे उतरले. "यंत्रच बसवा," ते म्हणाले. "ते निदान सलाम ठोकत नाही."

संध्याकाळी घराला कुलूप होतं. किल्ली शिवणवाल्या बाईंकडे ठेवलेली. यानं दार वाजवलं. बाई पाय ओढत उठल्या, दारापर्यंत आल्या आणि त्याला क्षणभरही ताटकळत न ठेवता किल्ली हातात दिली.