चिक्कप्पांना खुर्चीवर बसवा

आमच्या घरात मला रागीट म्हणतात. मी रागीट नाही. लोक माझ्यासमोर वेडेपणा करतात आणि मी तो बोलून दाखवते, एवढंच. आता तुम्हीच ऐका आणि ठरवा.

मी सोलापुरातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. मागच्या वर्षी आम्हा कारकुनांना एआयचं प्रशिक्षण दिलं. शिकवायला आलेला माणूस म्हणाला, "यंत्राला चित्र काढायला सांगायचं तर प्रॉम्प्ट नीट लिहा. कोण, कुठं, काय करतंय, उजेड कसा, सगळं सांगा. यंत्राला तुमच्या मनातलं कळत नाही." मी मनात म्हटलं, अहो, आमच्या घरात माणसांनाही कळत नाही. पण प्रमाणपत्र मिळालं, आईनं ते देवघराशेजारी लावलं आणि त्या दिवसापासून मी घराण्यातली एआयवाली झाले. कुणाच्या बारशाचा फोटो अंधारा आला, मी. कुणाच्या लग्नाच्या फोटोत मागं म्हैस आली, मी.

आणि मग अप्पा आले. अप्पा म्हणजे माझे वडील. जुन्या पेठेत त्यांचं भुसार मालाचं दुकान होतं, आता ते विकून घरी बसतात आणि आम्हाला गिऱ्हाईक समजतात. त्यांना ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. पाटावर बसवून ओवाळायचं, हुग्गी म्हणजे गव्हाची खीर करायची, चार पाहुणे बोलवायचे असा बेत होता. अप्पा सगळ्याला हो म्हणाले, पण तोंड सुतकी. आईनं विचारलं तर म्हणाले, "माज्या वयाचं एकेक जातंय. बोलावणार तरी कुणाला?"

कुणाला ते आम्हाला ठाऊक होतं. मैंदर्गीच्या चिक्कप्पांना. चिक्कप्पा म्हणजे अप्पांचे धाकटे भाऊ. आमच्याकडं अर्धं बोलणं कानडी, म्हणून काका नव्हे, चिक्कप्पा. दोघं एका ताटात जेवलेले. आणि कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, कशावरून, तर खुर्चीवरून!

चिक्कप्पांच्या मुलीचं लग्न होतं. आमच्याकडं लग्नात घरातल्या मोठ्यांचा एक फोटो काढतात, मोठी माणसं पुढं लाल मखमली खुर्च्यांवर आणि बाकीचे मागं उभे. त्या खुर्चीचा मान म्हणजे विचारू नका. लग्नात जेवायला नाही मिळालं तर माणूस विसरतो, खुर्ची नाही मिळाली तर नातवंडांना सांगून मरतो. चिक्कप्पा हुग्गी कमी पडते का ते बघायला आचाऱ्याकडं गेले होते, ते हातात ओगराळं घेऊनच धावत आले. त्या लग्नात अशी खुर्ची एकच मिळाली होती, आणि तोवर तिच्यावर अप्पा बसलेले. चिक्कप्पा म्हणाले, "माज्या पोरीच्या लग्नात मलाच खुर्ची न्हाय व्हय?" अप्पांनी म्हणायचं ना, बस बाबा. ते म्हणाले, "उभा राहिलास तर काय पाय झिजत्यात काय?" झालं. फोटो निघाला. त्यात अप्पा ऐटीत बसलेत आणि चिक्कप्पा कडेला, हातात ओगराळं, डोळ्यांत आग. तोच त्या दोघांचा शेवटचा एकत्र फोटो.

तर अप्पा तो फोटो घेऊन माझ्यापुढं बसले. म्हणाले, "ह्यात त्याला खुर्चीवर बसव. माज्या शेजारी."

मी म्हटलं, "अप्पा, फोन करा की. म्हणा, ये वाढदिवसाला."

"मी का करू? मी थोरला हाय."

"मग फोटोचा काय उपयोग?"

"बघू तरी दे, कसं दिसलं असतं."

असं म्हटल्यावर माझा राग कुठं राहणार! बसले मी फोन घेऊन.

पहिला प्रॉम्प्ट मी लिहिला, 'उजवीकडे उभ्या असलेल्या माणसाला खुर्चीवर बसवा.' यंत्रानं आज्ञा पाळली. खुर्ची एकच होती, ती अप्पांची, तिच्यावर अप्पा होते. त्यानं चिक्कप्पांना अप्पांच्या मांडीवर बसवलं. ओगराळ्यासकट! अप्पांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "हे काय गं? ह्याचं जावळ काढायला बसलोय काय मी?" आई पदरात तोंड घालून हसायला लागली ती थांबेना.

मी लिहिलं, 'दुसरी खुर्ची आणा.' आली. पण चिक्कप्पा दोन्ही खुर्च्यांवर ऐसपैस पसरले आणि अप्पा कडेला उभे! अप्पा असे संतापले की जणू चिक्कप्पांनीच मैंदर्गीत बसून कारस्थान केलं. "बघितलंस? संधी मिळाली की झाला बसून!" तेव्हा मला कळलं की यंत्राला काय बदलायचं ते सांगून भागत नाही, काय तसंच ठेवायचं तेही सांगावं लागतं. हे प्रशिक्षणात सांगितलं असेलही. तेव्हा चहा आला होता.

मग लिहिलं, 'डावीकडचा माणूस आहे तसाच राहू दे. त्याच्या शेजारी तशीच दुसरी खुर्ची. उजवीकडचा माणूस तिच्यावर. हातातली वस्तू काढा.' दोघं शेजारी बसले! पण वस्तू काढायच्या ऐवजी यंत्रानं ओगराळ्याची गदा केली. शिवाय चिक्कप्पांची टोपी फुगवून हॉटेलातल्या आचाऱ्याची केली, आणि रंग असा उजळला की अप्पा म्हणाले, "आमच्या घराण्यात एवढा गोरा कुणी झाला तर पंच बसतील." मी लिहिलं, रंग बदलू नका. मिशी गेली. मिशी परत मागितली, तर अप्पांनाही आली. वैतागून मी लिहिलं, 'अरे मेल्या, सांगते तेवढंच कर.' त्यावर यंत्रानं माझी माफी मागितली आणि गदा दोघांच्या हातात दिली.

दोनतीन दिवस हेच. अप्पा माझ्या खांद्यामागं उभे राहून हुकूम सोडायचे. "त्याचा डावा कान जरा बाहेर हाय. लहानपणी मीच वढला हुता." मी कान बाहेर काढला. "हसताना त्याचा एक दात दिसतो." दात दिसला. मला वाटायचं यांचं लक्ष खुर्चीवर असेल. पण ते खुर्चीकडं बघतही नव्हते. भावाचा चेहरा तेवढा बरोबर करून घेत होते. मला भरून आलं, आणि भरून आलं की मी खेकसते, म्हणून म्हटलं, "सरका जरा, उजेड अडतोय."

शेवटी फोटो जमला. दोघं भाऊ, दोन खुर्च्या, रिकामे हात. इथं थांबायला हवं होतं. पण प्रमाणपत्रवाली ना मी! म्हटलं, वाढदिवस आहे, जरा सत्काराचा थाट येऊ दे. लिहिलं, 'दोघांच्या गळ्यात झेंडूचे हार. कपाळावर भस्म. चेहऱ्यावर शांत भाव. मागं पांढरी पार्श्वभूमी, डोक्यामागून मंद सोनेरी उजेड.' एकही शब्द चुकीचा नव्हता. यंत्रानं सगळं दिलं, वर खुशीनं खाली एक समई लावली आणि मागं थोडे ढग घातले.

मला तो फोटो आवडला, आता काय सांगू! बघून बघून डोळे शिणले होते. अप्पांनी चष्म्याशिवाय बघितला आणि म्हणाले, "झकास! घराण्याच्या ग्रुपवर टाक."

"खाली काय लिहू? वाढदिवसाचं आमंत्रण?"

"काय लिहू नको. लिहिलं म्हंजे मी हरलो. त्यानं नुसतं बघू दे."

मी नुसता टाकला. आणि भाकऱ्या थापायला गेले.

भाकरी तव्यावर असतानाच फोन वाजायला लागला. ग्रुपवर हात जोडलेले रांगेनं. एकानं लिहिलं, 'शिवैक्य.' आमच्यात माणूस गेला की असं म्हणतात. दुधनीच्या आत्तेभावानं लिहिलं, 'दोघं एकदमच?' वैरागच्या कुणा जावयानं विचारलं, 'अपघात कुटं झाला?' मी फोटो पुन्हा उघडला. हार, भस्म, समई, ढग. आई गं! सत्काराला आणि श्रद्धांजलीला आपल्याकडं सामान तेच लागतं, फरक एवढाच की सत्कारात माणूस खोकतो.

तेवढ्यात अप्पांचा फोन वाजला आणि तो त्यांनीच उचलला. पलीकडून कुणीतरी रडत विचारलं, अप्पा कधी गेले. अप्पा म्हणाले, "मी कुटं जातोय? आत्ता संडासातनं आलो."

मी घाईघाईनं ग्रुपवर लिहिलं, 'अप्पा ठणठणीत आहेत. हा वाढदिवसाचा फोटो आहे.' त्यावर दुधनीवाल्याचा प्रश्न आला, 'मग चिक्कप्पा?' मी चिक्कप्पांच्या घरी फोन लावला. काकूंनी उचलला. म्हणाल्या, "गल्लीतली माणसं सांत्वनाला आलीत आणि हे गेले." मी ओरडले, "गेले म्हणजे?" "गेले म्हंजे सोलापूरला. फोन हितंच ठिवून. मला एक शब्द बोलले न्हाईत."

अप्पांना सांगितलं. ते सदरा बदलून व्हरांड्यात जाऊन बसले, परत आत आले, टोपी घातली, परत बाहेर. आईनं जेवायला वाढलं तर म्हणाले, "थांब की. तो उपाशी आला असंल तर?"

रिक्षा दाराशी थांबली आणि चिक्कप्पा उतरले. पायात एक चप्पल त्यांची, एक काकूंची. घाम पुसत फाटकातूनच ओरडले, "ना इन्ना सत्तिल्ल! मी अजून मेलो न्हाय! कुणी घातला रे मला हार?" अप्पा पायरीवर उभे होते. चिक्कप्पांनी त्यांना बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, आणि फाटकाला धरून तिथंच खाली बसले. म्हातारा माणूस, लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला.

"अण्णा, मी मेलो न्हाय हे मला ठाव हुतं. पण तुजं काय, ते कसं कळायचं?"

अप्पा म्हणाले, "फोन करायचा हुता की, गाढवा!"

"केला न्हाय. तुज्याऐवजी दुसऱ्या कुणी उचलला असता तर?"

अप्पांनी तोंड फिरवलं. मग त्यांनी हात धरून भावाला उठवलं आणि दोघं मिळून माझ्यावर तुटून पडले. एवढी शिकलेली पोरगी, हार कुठं घालावा कळत नाही? ढग कशाला? समई कुणी सांगितली? कित्येक वर्षांनी दोघांचं एकमत झालं होतं, म्हणून मी ऐकून घेतलं. नाहीतर ऐकणाऱ्यातली मी नव्हे.

चिक्कप्पा वाढदिवसापर्यंत राहिले. काकू आल्या, त्यांची चप्पल त्यांना मिळाली. ओवाळणं झालं, हुग्गी झाली, मग मी म्हटलं, आता खरा फोटो काढू, बसा. घरात धड खुर्ची एकच, लाकडी. ती मध्ये ठेवली. अप्पा चिक्कप्पांना म्हणाले, "बा, कुंद्रु." ये, बस. चिक्कप्पा म्हणाले, "छे! वाढदिवस तुजा. तू बस." "तू बस की." "न्हाय, तू." हे इतकं लांबलं की माझा हात दुखायला लागला. मी ओरडले, "कुणीतरी बसा, नाहीतर मी बसते!" दोघंही बसले नाहीत. फोटोत दोघं म्हातारे ताठ उभे आणि मध्ये रिकामी खुर्ची.

मी म्हटलं, "थांबा, खुर्ची पुसून टाकते. एका ओळीचं काम आहे."

"पुसू नको," चिक्कप्पा म्हणाले. "तुला हार घालायची लई हौस हाय ना? त्या खुर्चीला घाल."

मी लिहिलं, 'दोन्ही माणसं आहेत तशीच राहू देत. खुर्चीला झेंडूचा हार.' आणि ज्या यंत्रानं मला इतके दिवस छळलं, त्यानं ते पहिल्या फटक्यात, अगदी बरोबर केलं.

तो फोटो आता आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. नवा पाहुणा आला की तो बघतो, आवाज खाली आणतो आणि हळूच विचारतो, कोण गेलं? चिक्कप्पा आता दर पंधरवड्याला येतात, ते असले तर मान खाली घालून गप्प बसतात. उत्तर अप्पाच देतात.

"खुर्ची गेली," ते म्हणतात. "लई वर्षं तरास दिला तिनं. सुटलो आमी दोघं."