सुराशिवाय आलेला शब्द

नलिनी गेल्याचं तिच्या भाचीनं, मेघनानं, फोनवर सांगितलं तेव्हा मी "बरं" एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. लहानपणापासूनची मैत्री, आणि त्यातली शेवटची दहा वर्षं अबोल्याची... रडू आलं नाही. आता तीन आठवडे झाले, तरी डोळ्यांपुढे येतो तो माझ्या वडिलांचा, अण्णांचा, खाली गेलेला चेहरा.

आम्ही दोघी गौलीगुड्याच्या एकाच गल्लीत वाढलो. ती गाणं शिकली, मी बँकेत लागले. अण्णा कोर्टात कारकून. मराठी, उर्दू, तेलुगू तिन्ही फर्डं बोलायचे. निवृत्तीनंतर अर्धांगाचा झटका आला आणि तिन्ही भाषा एका दिवसात गेल्या. नल्लकुंट्याच्या आमच्या घरात त्याच आठवड्यात केबल आली होती. टीव्ही दिवसभर बडबडायचा आणि अण्णांना साधं पाणी मागता येत नव्हतं. पण एका सकाळी आई आरती म्हणत असताना त्यांनी मागून अख्खी ओळ म्हटली! मी तशीच चिक्कडपल्लीला नलिनीकडे गेले. आजारी माणसांसाठी संगीत कसं वापरतात, ते ती रीतसर शिकून आली होती. मला वाटलं, ती एखादा राग ऐकवील आणि अण्णा बरे होतील. ती हसली. "राग म्हणजे गोळी नव्हे गं. बोलणं अडलं तरी कधी कधी गाणं शाबूत राहतं. त्या वाटेनं शब्द परत आणायचे. मी त्यांना गायला नाही शिकवणार."

मग रोज संध्याकाळी ती यायची. अण्णांचा डावा हात हातात घेऊन ठेका धरायची आणि 'पाणी दे' दोनच सुरांत म्हणायची. अण्णा चिडायचे, लहान मुलासारखे रडायचे. सुधारणा कळावी म्हणून ती हे सगळं टेप करायची. "कुणालाही ऐकवणार नाही, अण्णा," असं तिनं स्वतः त्यांना सांगितलं होतं. सहा महिन्यांनी अण्णांनी आईला सुरात हाक मारली, तेव्हा आई पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

त्या वर्षांत शहरात काचेची खाजगी इस्पितळं उभी राहत होती. त्यातल्या एकानं नलिनीला नवा विभाग दिला. उद्घाटनाला अण्णा इस्त्रीचा कोट घालून पहिल्या रांगेत बसले. नलिनी माइकपाशी गेली, दोन वाक्यं बोलली आणि टेप लावली... पहिल्या दिवसांची. अण्णांचं रडणं, घशातले ते आवाज, भरल्या सभागृहात. मागे कुणीतरी हसलं. "आणि आता ऐका," म्हणत तिनं माइक अण्णांसमोर धरला. अण्णांनी मान खाली घातली, ती वर केलीच नाही.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळी आली. हात धरायला वाकली, तसा अण्णांनी हात काढून घेतला आणि म्हणाले, "नक्को." स्वच्छ, कोरडं. नलिनीचे डोळे चमकले. "ऐकलंस? सूर न लावता बोलले!" तिला आनंद झाला होता. त्यांनी कुणाला नको म्हटलं, ते तिच्यापर्यंत पोचलंच नाही. मी दार उघडून उभी राहिले. अण्णा त्यानंतर तीन वर्षं जगले, मोडकंतोडकं बोलले. गायले मात्र कधीच नाहीत. आरतीलाही नाही. आणि नलिनीचं एक पत्रसुद्धा आलं नाही.

गेल्या रविवारी चिक्कडपल्लीच्या तिच्या खोलीवर गेले. का, ते माझं मलाही सांगता येणार नाही. मेघना काम पुढे चालवते. समोर खुर्चीत एक तेलुगू बाई होती, तोंड एका बाजूला ओढलेलं. मेघना तिच्यापुढे बुटक्या स्टुलावर. "मावशीच बसायची यावर," ती म्हणाली, "पेशंटला मान वर करावी लागू नये म्हणून. या ना, बसा." मी बसले नाही. नलिनीला एवढं कळत होतं, तर... बाई आपल्या मुलीचं नाव सुरात घेऊ पाहत होती. 'ल'वर अडायची, परत मागे यायची. राग माझा तसाच होता, अजूनही आहे. पण "लक्ष्मी" पुरं होईपर्यंत मला त्या दारातून हलता आलं नाही.