सिदोनीची झाडलेली वाट

सिदोनी माझी थोरली जाऊ. मोआबीच्या झाडाचं तेल काढावं तर तिनेच. बिया उकडायच्या, वाळवायच्या, कुटायच्या आणि पिशवीत भरून काठीने पीळ देत बसायचं. तिच्या तेलात तळलेलं केळं आमच्या पाद्रीबाबांनीही मागून खाल्लंय.

मोआबीला दरसाल फळ येत नाही. यंदा आलं होतं. पण नदीपलीकडून करवतीचा आवाज रोज येई. तिकडच्या बायकांची झाडं गेली. मुखियाने त्या करवतवाल्यांकडे झाडं तोडायचा परवाना मागितला, त्यांनी बिअरची पेटी पुढे केली. झालं, त्याचं वाचन तिथेच आटोपलं.

सिदोनीचं एकच झाड उरलेलं, रानात खूप आत. सासूबाईंना ते सगळ्यांच्या आधी सापडलं, म्हणून आमच्या घरचं. फळं गळायच्या आधी बुंध्याभोवती साफ करायचं, घरापासून वाट काढायची, म्हणजे झाडाला धनी आहे हे गावाला कळतं. ही आमच्याकडची रीत.

मी म्हटलं, "ताई, यंदा राहू दे गं. माजू दे गवत. करवतवाल्यांना झाड दिसलंच नाही तर वाचेल."

"आणि ती शेजारची ओदील टोपली घेऊन आली म्हणजे? साफ न केलेलं झाड बेवारशी. टपूनच बसलीय ती. तू बस माळ ओढत."

"माळच तारेल, बाई."

"मग मेरीमातेलाच सांग, खाली येऊन वाट झाडून दे म्हणावं!"

दोघी हसलो. ती कोयता घेऊन गेली आणि वाट अशी लख्ख केली की अनोळखी माणूसही चुकू नये.

रविवारी प्रार्थना चालू असतानाच करवत वाजली. नदीच्या अलीकडे. सिदोनी बाकावरून उठली ती धावतच सुटली, मी मागोमाग. पोचलो तेव्हा बुंधा निम्मा कापून झाला होता. ती जाऊन मुळावर बसली.

"आधी मला कापा!"

करवतवाला तसा नरमच बोलला, "आई, ऊठ. चेंगरशील."

"माझं झाड आहे! साफ केलेलं दिसत नाही? डोळे फुटले?"

"दिसलं ना, म्हणून तर आलो. एवढ्या रानात आम्हाला काय सापडणार होतं? तुझ्याच वाटेने आलो, आई."

तिने वळून त्या वाटेकडे पाहिलं. त्यांनी तिला उचलून बाजूला ठेवलं. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन मेरीमातेला हाका मारत राहिले. झाड पडलं. कच्ची फळं चिखलात फुटली, आत बी भरलंच नव्हतं. जाताना ते झाडाच्या बदल्यात मिठाची पिशवी ठेवून गेले.

झाड पडून दोन महिने झाले. आज तिच्यासाठी कसाव्याचा उकडलेला कंद घेऊन गेले. सकाळ-संध्याकाळ अंगण झाडणारी ही बाई, आणि दारात गुडघाभर गवत. मी पायाने बाजूला सारायला लागले तशी आतून ओरडली, "तुडवू नकोस! वाट पडेल. मागून ये, काट्यातून."

काट्यातून गेले. पाय ओरबाडले. पहिला घास तिच्या तोंडाशी नेला तर तिने माझा हात धरला.

"तुझ्यामागून कोणी आलं नाही ना?"