टेप उतरवणारे नाना

नाना टेप कधी पुढे पळवत नसत. धुळ्यातल्या त्यांच्या एका खोलीच्या दुकानात जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याची टेप कॉम्प्युटरवर उतरवून मिळे. कॅमेऱ्यात टेप चालवायची आणि वायरीतून चित्र आत घ्यायचं. त्यामुळे तासाच्या टेपला तासच लागे. इतर दुकानदार बटण दाबून चहाला जात. नाना हेडफोन लावून परक्यांची लग्नं हळदीपासून पाठवणीपर्यंत बघत बसत. गिऱ्हाइकानं घाई केली की म्हणत, "लग्नात तीन दिवस बसले ना भाऊ? आता तीन तास बसा."

परिणाम असा, की नाना निम्म्या जिल्ह्याला ओळखत आणि जिल्हा त्यांना ओळखत नसे. एकदा भाजीबाजारात त्यांनी एका गृहस्थांना थांबवलं. "काय हो, ते रुसलेले जावई शेवटी जेवले का? टेप तिथंच संपली."

गृहस्थ चपापले, पण उत्तर दिलंच. "कुठले हो! अजून रुसलेलेच आहेत."

लोकांना टेप कॉम्प्युटरवर हवी असे ती लग्न सुधारून घ्यायला. नवरा-नवरी बदामात बसवायची, भांडण झालेला काका गाळायचा. नाना सगळं करून देत, पण अख्खी टेप उतरल्याशिवाय कात्री लावत नसत. "पहिले बठ्ठं येऊ द्या, मंग कापा. उद्या काकाशी गोडी झाली तर त्याला कुठून आणू?"

मी त्यांच्याकडे गेलो तो आईसाठी. ती गेल्यावर लक्षात आलं, की तिचा आवाज आमच्याकडे कुठेच नाही. धरणगावला झालेल्या माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची एक टेप तेवढी होती. पण व्हिडिओतही फोटोसारखंच हलायचं नसतं, अशी आईची समजूत. कॅमेरा वळला की पदर सावरून, ओठ मिटून उभी. आशा होती ती पाठवणीची. तिथं तरी ती बोलली असेल.

टेपला बुरशी लागली होती. नानांनी ती उजेडात धरली. "एकदाच चालेल. चालली तर."

"मग मधलं पुढाऱ्याचं भाषण तरी सोडा नाना. सतरा मिनिटांचं आहे, तेव्हाच घड्याळात मोजलं होतं. तेवढ्यात टेप गेली तर?"

"पळवली तर आत्ताच जाईल. बसा."

बसलो. पुढाऱ्यानं वधूवरांना एका वाक्यात आशीर्वाद दिला आणि तो कालव्याकडे वळला. कालव्यानंतर स्वतःच्या त्यागाकडे. नवरा-नवरी हार घालून ताटकळत उभी. भाषणाच्या अकराव्या मिनिटाला नानांनी हेडफोन काढून माझ्या कानांना लावला.

आई कॅमेऱ्याच्या मागे आली होती. आपण दिसत नाही म्हणजे टेपमध्ये नाहीच, असं तिनं धरलं असणार. कॅमेरावाल्याला सांगत होती, "भाऊ, जेवी ल्या तुमी. हाई भाषन काय लवकर सरत नही. बठ्ठा जेवी ग्यात, वरणबट्टी थंडी व्हयी ऱ्हायनी." आणि हसली.

भाषण संपलं. पाठवणीच्या तोंडाशी टेप अडकली, ती कायमची.

"तेवढा तिचा आवाज वेगळा निघेल?" मी विचारलं. नानांनी दोन दिवस खटपट केली. मग मान हलवली. "पुढाऱ्याला बारीक केलं की आईपण बारीक होतात. दोघं एकातच आहेत."

मी भाषणासकट फाइल घरी आणली.

गेल्या वर्षी नाना गेले. दुकान मुलानं भाड्यानं दिलं. तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

बहीण माहेरी आली की आम्ही ती फाइल लावतो. पहिल्यांदा मी थेट भाषणाच्या अकराव्या मिनिटावर जायला निघालो, तर तिनं हात धरला. "राहू दे, पहिल्यापासून लाव." तेव्हापासून आम्ही कालवा ऐकतो, त्याग ऐकतो. आई येते, जेवायला बोलावते, हसून जाते. मग भाषणाची उरलेली सहा मिनिटंही आम्ही उठत नाही. न जाणो, ती आणखी काही बोललीच तर.