चार अंड्यांचा धडाका

बोरीवलीतली ही भाड्याची जागा आम्हाला एकाच अटीवर मिळाली होती: घरात अंडी शिजवायची नाहीत. गुजराती घरमालकीण शेजारीच राहते. ती सकाळी देवळात गेली की मी नातीसाठी अंडी उकडायचे. एकदा गॅसवर ठेवून विसरले. पाणी आटलं आणि चारही अंडी एकामागून एक फुटली.

वरची बाई ओरडली, "बार झाला गं, बार!" सोसायटीचा सेक्रेटरी धावत आला, "ब्लास्ट कुठे झाला?" तेवढ्यात मालकीण परतली, "शेनो धडाको थयो?" तिघांचे तीन शब्द, धडाका एकच. आता जागा गेलीच, असं वाटलं.

"कुकर उडाला," मी ठोकून दिलं.

मालकीण थेट स्वयंपाकघरात शिरली. छताला बलक चिकटलेला. त्यातला एक तुकडा तिच्या खांद्यावर पडला. तिने तो झटकला आणि बाहेर जाऊन सेक्रेटरीला म्हणाली, "कुकरच आहे. तू जा." आत येऊन दार लावलं आणि खो खो हसत सुटली. मीही सुटले.

"माँजी, पाणी जास्त टाकायचं ने!" ती मला म्हणाली.

तिला हे कसं ठाऊक, ते मी विचारलं नाही.